आखाड्यात मुलाला कितव्या वर्षी घालावं?

परवा सूनबाईंनी विचारलं, "बाबा, नातू पाच पूर्ण झाला. कराटेच्या क्लासला घालूया का? सोमवारपासून नवी बॅच आहे." मी लगेच हो म्हटलं नाही. हे गणित आमच्या घरात एकदा चुकलेलं आहे.

आम्ही बडोद्याचे, चौथी पिढी. आमच्या लहानपणी मराठी घरांत आखाडा हा शाळेइतकाच नेमाचा. त्याला कारण होतं. सयाजीराव महाराज १८७५ साली कवळाण्याहून इथे आले तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांच्या अभ्यासाबरोबर कुस्ती, घोडेस्वारीही होती. पुढे १९०६ साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते सातव्या वर्षापासून. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद, त्यांचे शिष्य माणिकराव मराठी; शिष्याने आखाडा गुरूच्याच नावाने नावारूपाला आणला. माणिकराव हाडं बसवण्यातही वाकबगार. दत्तात्रय मुजुमदारांचा दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश'ही बडोद्याचाच.

माणिकराव १९५४ साली गेले, मी त्यांना पाहिलं नाही. पण गल्लीतल्या एका लहानशा आखाड्यात वडिलांनी मला नेलं तेव्हा मी सहाचा होतो. उस्तादांनी वय विचारलं, वडिलांनी ठोकून दिलं, "आठ." आमच्याकडे मुंज आठव्या वर्षी, तेव्हा आखाडाही आठव्या, असा हिशेब होता, वडिलांना दोन वर्षं वाचवायची होती.

उस्तादांनी आठ वर्षांच्या पोरांबरोबर मला मल्लखांबावर चढवलं. मांड्यांत तेवढी पकड कुठली? अर्ध्यावरून घसरलो, मनगट मोडलं. हाड महिना-दीड महिन्यात जुळलं, भीती मात्र गेली नाही. तीन वर्षं त्या गल्लीतून जाणं टाळलं. माझ्या वर्गातला मित्र नवव्या वर्षी गेला. पहिले सहा महिने त्याने फक्त माती उकरली, दंड-बैठका मोजल्या, लेझीम धरली. बाराव्या वर्षी तो मल्लखांबावर उलटा लटकून हसायचा नि मी खाली उभा राहून टाळ्या वाजवायचो.

वडील गेले तेव्हा शेवटच्या आठवड्यात माझं मनगट धरून म्हणाले, "मी खोटं बोललो रे." एवढंच. माझा राग तर कधीच सरला होता.

बँकेत चौतीस वर्षं काढली, म्हणून सांगतो, हे रिकरिंग खातं आहे. मुदत कमी करून व्याज वाढत नाही. पाच-सहाव्या वर्षी धावणं, कोलांट्या, तोल सांभाळणं, सांगितलेलं ऐकणं एवढं पुरे, आणि तेही खेळ म्हणून. सात-आठपासून डाव, लाठी, मल्लखांब. अंगावर घेण्याची कुस्ती त्याहून उशिरा. आणि वयापेक्षा मूल बघावं: सूचना ऐकून थांबता येतं का, पडल्यावर उठून हसतं का.

सूनबाईंना मी म्हटलं, "घाला, पण खरं वय लिहा. आणि पहिला महिना मी बाकावर बसून बघेन."

सोमवारी गेलो. सरांनी वय विचारलं. नातवाने पाच बोटं दाखवली नि मी मान हलवली.

इंदूर-ग्वाल्हेरकर मंडळी, तुमच्या मध्य प्रदेशाने तर २०१३ साली मल्लखांबाला राज्याचा खेळ केलं. तुम्ही कितव्या वर्षी आखाड्याची पायरी चढलात, नक्की लिहा.