द डार्क साइड ऑफ द मून

'''द डार्क साइड ऑफ द मून''' हा पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक समूहाचा आठवा स्टुडिओ अल्बम होय. प्रोग्रेसिव्ह रॉक प्रकारातील हा अल्बम मार्च १९७३ मध्ये प्रकाशित झाला. काळ, पैसा, मृत्यू व मानसिक असंतुलन हे त्याचे प्रमुख विषय असून सर्व गीते रॉजर वॉटर्स यांनी लिहिली आहेत.

== सर्वोत्तम गाण्याविषयी मतभेद ==
यातील सर्वोत्तम गाणे कोणते, याबाबत रसिकांमध्ये एकमत नाही. घड्याळांच्या गजराने सुरू होणारे 'टाइम' डेव्हिड गिलमोर यांच्या गिटारवादनासाठी, तर 'मनी' सात मात्रांच्या तालासाठी नावाजले जाते. तबकडीच्या प्रत्येक बाजूवरील गाणी एकमेकांत मिसळत जात असल्याने ती सुटी ऐकू नयेत, असेही काही रसिक मानतात.

== श्रेयाचा वाद ==
याच चर्चेत 'द ग्रेट गिग इन द स्काय'चेही नाव घेतले जाते. त्यात गीताऐवजी क्लेअर टॉरी यांचे उत्स्फूर्त आलाप आहेत. त्यासाठी त्यांना ३० पौंड मानधन मिळाले. रचनाकार म्हणून मात्र केवळ रिचर्ड राइट यांचे नाव छापले गेले. टॉरी यांनी २००४ साली दावा दाखल केला. २००५ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली व त्यानंतर राइट यांच्यासह टॉरी यांनाही रचनेचे श्रेय देण्यात येऊ लागले.

== भारतातील सादरीकरण ==
फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्स यांनी मुंबईतील कार्यक्रमात हा संपूर्ण अल्बम सलग सादर केला.