हौशी पाणबुड्यांना डाईव्ह कॉम्प्युटर कितपत आवश्यक?

पावसाळा सरून समुद्र निवळला की मालवण-तारकर्लीपासून अंदमानापर्यंत स्कूबा डायव्हिंगसाठी पर्यटकांची गर्दी सुरू होते. त्यांतील बहुतेक जण प्रशिक्षकाचा हात धरून आयुष्यात एकदाच पाण्याखाली जातात. काही जणांना मात्र या छंदाची गोडी लागते. ते रीतसर प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवतात आणि वर्षातल्या एखाद्या सुटीत चार-सहा बुड्या मारून येतात. मनगटावर बांधायचा डाईव्ह कॉम्प्युटर घ्यावा की नाही, हा प्रश्न प्रामुख्याने या दुसऱ्या गटाचा आहे. परदेशी बाजारात साध्यातला साधा कॉम्प्युटरही सुमारे दोनशे-तीनशे डॉलरला पडतो. वर्षातून चार दिवस वापरायच्या वस्तूवर एवढा खर्च करणे अनेकांना चैन वाटते. ती चैन आहे की गरज, हे आपण किती खोल, किती वेळ आणि दिवसातून कितीदा पाण्याखाली जातो यावर ठरते.

धोका नेमका कशाचा?

समुद्रात दर १० मीटर खोलीमागे दाब एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावरील दाबाच्या तुलनेत १० मीटरवर तो दुप्पट, तर ३० मीटरवर चौपट होतो. पाठीवरील सिलिंडरमधून येणारी हवा पाणबुड्या त्या-त्या खोलीच्या दाबानेच श्वासावाटे घेत असतो. या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. शरीर त्याचा वापर करीत नाही, परंतु वाढलेल्या दाबाखाली तो रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत जातो. खोली आणि वेळ जितकी अधिक, तितका हा साठा मोठा.

वर येताना दाब उतरतो आणि विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडू लागतो. पाणबुड्या सावकाश वर आला तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाई झाली, तर सोडावॉटरची बाटली एकदम उघडल्यावर व्हावे तसे शरीरात बुडबुडे तयार होतात. सांधेदुखी, त्वचेवर चट्टे, हातापायांना बधिरपणा, चक्कर आणि गंभीर प्रसंगी पक्षाघात अशी त्याची लक्षणे असतात. या विकाराला 'डिकॉम्प्रेशन सिकनेस' किंवा बोलीभाषेत 'बेंड्स' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नद्यांवरील पुलांचे पाये दाबयुक्त हवेच्या पेट्यांत बसून खणणाऱ्या कामगारांना हा विकार मोठ्या प्रमाणावर जडला होता.

तक्त्यांपासून कॉम्प्युटरपर्यंत

या विकाराचे पहिले शास्त्रशुद्ध गणित ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी मांडले. ब्रिटिश नौदलासाठी बकऱ्यांवर प्रयोग करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये आपले निष्कर्ष आणि तक्ते प्रसिद्ध केले. शरीरातील काही ऊती नायट्रोजन झटपट शोषतात तर काही संथपणे, हे ध्यानात घेऊन त्यांनी शरीराची पाच काल्पनिक गटांत विभागणी केली होती. पुढील अनेक दशके पाणबुड्यांची सुरक्षितता अशा छापील तक्त्यांवरच अवलंबून राहिली.

हौशी पाणबुड्यांसाठी १९८८ मध्ये प्रशिक्षण देणाऱ्या 'पाडी' या संस्थेने तयार केलेल्या तक्त्यानुसार, दिवसातील पहिल्या बुडीत १८ मीटरवर ५६ मिनिटे, २२ मीटरवर ३७ मिनिटे आणि ३० मीटरवर केवळ २० मिनिटे राहता येते. ही मर्यादा ओलांडली तर वर येताना वाटेत सक्तीचे थांबे घ्यावे लागतात. केवळ चार मीटर अधिक खाली गेल्याने एकोणीस मिनिटे कमी होतात, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

तक्त्याची एक अडचण अशी, की पाणबुड्याने संपूर्ण वेळ सर्वांत खोल जागीच घालवला असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात कोणी पाच मिनिटे २५ मीटरवर जाऊन उरलेला वेळ १२ मीटरवरील प्रवाळांत रमतो. कॉम्प्युटर हा फरक ओळखतो. त्यातील संवेदक दाबावरून खोली मोजतो, घड्याळ वेळ मोजते आणि दर काही सेकंदांनी शरीरातील नायट्रोजनचा अंदाज नव्याने मांडला जातो. या खोलीवर आणखी किती मिनिटे राहता येईल, हे पडद्यावर सतत दिसते. वर येण्याचा वेग वाढला तर यंत्र इशारा देते. १९८३ च्या सुमारास अशी यंत्रे बाजारात आली. आजच्या अनेक कॉम्प्युटरांचा पाया झुरिचचे डॉ. आल्बर्ट ब्यूलमन यांनी मांडलेले सोळा ऊतिगटांचे गणित हा आहे.

एकदाच बुडी मारणाऱ्यांना

मालवण किंवा गोव्यात पर्यटकांना घडवली जाणारी पहिली बुडी उथळ पाण्यात आणि थोड्या वेळाची असते. अशा अनुभव-बुडीसाठी पाडीची कमाल मर्यादाही १२ मीटरच आहे. सुमारे दोन वातावरणांच्या दाबातून सरळ वर आलेल्या माणसाला सहसा अपाय होत नाही, असे निरीक्षण हाल्डेन यांनीच नोंदविले होते. त्यामुळे या पर्यटकाला स्वतःच्या कॉम्प्युटरची गरज नाही. प्रशिक्षकाच्या मनगटावर तो असला म्हणजे पुरे.

त्याच्यापुढील खरे धोके निराळे आहेत. वर येताना श्वास रोखून धरल्यास फुप्फुसातील हवा प्रसरण पावते आणि दीड-दोन मीटर पाण्यातही फुप्फुसाला इजा होऊ शकते. कानावरील दाब वेळेवर समान न केल्यास कानाच्या पडद्याला दुखापत होते. या दोहोंपासून कोणतेही यंत्र वाचवत नाही. श्वास अखंड चालू ठेवणे आणि प्रशिक्षकाच्या सूचना पाळणे, हाच त्यावर उपाय आहे.

प्रमाणपत्रधारक हौशी पाणबुड्यांना

प्राथमिक प्रमाणपत्र मिळालेल्या पाणबुड्याला १८ मीटरपर्यंत आणि पुढील पातळीवर ३० मीटरपर्यंत जाता येते. अंदमानातील स्वराज द्वीप म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक येथे किंवा कर्नाटकातील नेत्राणी बेटाजवळ सुटीवर जाणारी मंडळी दिवसात दोन-तीन बुड्या मारतात. पहिल्या बुडीतील नायट्रोजन पूर्ण निघून जाण्याआधीच दुसरी सुरू होते आणि शिल्लक साठ्यात नवी भर पडते. तीन-चार दिवसांच्या अशा मालिकेचा हिशेब डोक्यात ठेवणे कठीण असते. वर्षभरात तक्त्याला हात न लावणाऱ्या माणसाला तर ते अधिकच अवघड जाते. 'आम्ही क्वचितच जातो, मग कॉम्प्युटर कशाला?' हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. क्वचित जाणाऱ्याचाच सराव कमी असतो आणि पोहण्याच्या नादात त्याची खोली नकळत वाढत जाते.

'वाटाड्याकडे कॉम्प्युटर आहेच' हा दुसरा युक्तिवादही अपुरा आहे. वाटाड्या १८ मीटरवर असताना मागून येणारा पर्यटक मासे न्याहाळत २२ मीटरवर उतरलेला असू शकतो. वाटाड्याचे यंत्र केवळ वाटाड्याचा हिशेब ठेवते. दोघांत एक कॉम्प्युटर वापरणे त्यामुळेच चुकीचे मानले जाते.

याचा अर्थ प्रत्येकाने तो विकतच घेतला पाहिजे असा नाही. वर्षातून एकदाच जाणाऱ्याला डायव्हिंग केंद्रातून भाड्याने घेणे परवडते. मात्र मालिकेतील पहिल्या बुडीपासून तोच एक कॉम्प्युटर वापरावा. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या यंत्राला आदल्या दिवशीच्या बुड्या ठाऊक नसतात. पाण्यात उतरण्यापूर्वी बॅटरी तपासावी, यंत्र साध्या हवेसाठी लावले आहे की नायट्रॉक्ससाठी हे पाहावे आणि पडद्यावरील कोणता आकडा काय सांगतो, हे किनाऱ्यावरच समजून घ्यावे. वारंवार जाणाऱ्याने मात्र स्वतःचा घेतलेला बरा, कारण सवयीचे यंत्र वाचताना गोंधळ होत नाही.

यंत्राच्या मर्यादा

कॉम्प्युटर खोली आणि वेळ मोजतो, शरीर मोजत नाही. रात्रीचे जागरण, मद्यपान, शरीरातील पाण्याची कमतरता, वाढते वय, पाण्याखालील अतिश्रम यांची नोंद त्याला नसते. सर्व मर्यादा पाळूनही एखाद्याला बेंड्स झाल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे पडद्यावर मिनिटे शून्य होईपर्यंत खाली थांबू नये. पूर्वी मिनिटाला १८ मीटर वेगाने वर येणे मान्य होते. आता ९ ते १० मीटरचा वेग सुचविला जातो. शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटे थांबण्याची पद्धतही पाळावी. यंत्र मध्येच बंद पडले तर बुडी तेथेच संपवून सावकाश वर यावे.

परतीच्या प्रवासाचाही विचार हवा. विमानाच्या केबिनमध्ये दाब कमी असतो. 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क' या संस्थेच्या शिफारशीनुसार एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास, तर अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. बहुतेक कॉम्प्युटर हा कालावधी दाखवतात. पोर्ट ब्लेअरहून सकाळचे विमान पकडणाऱ्यांनी आदला दिवस कोरडा ठेवणेच इष्ट. मालवणात लागोपाठ खोल बुड्या मारून त्याच संध्याकाळी सुमारे ६९० मीटर उंचीवरील आंबोलीमार्गे घाट चढणाऱ्यांनीही थोडी उसंत घ्यावी. उंचीवर गेल्याने दाब कमी होतो, मग वाहन कोणतेही असो.

बुडीनंतर काही तासांत सांधे दुखू लागले, मुंग्या आल्या किंवा कमालीचा थकवा जाणवला तर 'जास्त पोहणे झाले' असे म्हणून दुर्लक्ष करू नये. रुग्णाला आडवे झोपवून शुद्ध ऑक्सिजन देणे आणि तातडीने डॉक्टरांकडे नेणे आवश्यक असते. पुन्हा दाब देऊन उपचार करणारी कक्ष-व्यवस्था मोजक्याच रुग्णालयांत असते. म्हणून जेथे उतरणार, तेथील केंद्रात ऑक्सिजन आहे काय आणि जवळचा कक्ष कोठे आहे, हे आधीच विचारून ठेवावे. कॉम्प्युटर भाड्याने मिळतो काय, हेही त्याच वेळी विचारता येईल.