माकडतापाचा शोध

माकडताप (क्यासनूर जंगल रोग) हा पश्चिम घाटाच्या जंगलपट्ट्यात आढळणारा व गोचिडींमार्फत पसरणारा व्हायरसजन्य रोग होय. अज्ञात साथीचे अन्वेषण कसे करावे, याचा वस्तुपाठ म्हणून त्याच्या शोधास महत्त्व आहे.

१९५७ च्या प्रारंभी तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात जंगलातील वानर व माकडे मोठ्या संख्येने मरत असल्याची वार्ता आली. त्याच सुमारास जंगलात लाकूडफाटा आणावयास व गुरे चारावयास जाणाऱ्या ग्रामस्थांत तीव्र ज्वर, डोकेदुखी, स्नायुवेदना व क्वचित रक्तस्राव ही लक्षणे दिसू लागली. दक्षिण अमेरिकेत पीतज्वरानेही माकडे मरतात व पाठोपाठ माणसे आजारी पडतात. भारतात तो रोग कधीच नव्हता. परंतु त्याचा प्रसार करणारा ईडिस डास येथे सर्वत्र होता आणि लोकांत प्रतिकारक्षमता नव्हती. त्यामुळे ही शंका खरी ठरल्यास मोठा अनर्थ ओढवला असता.

पुण्याच्या व्हायरस संशोधन केंद्राने (स्थापना १९५२; आता राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) टेलफर्ड वर्क यांच्या नेतृत्वाखाली तपास हाती घेतला. रुग्णांचे रक्त व मृत माकडांची ऊतके उंदरांच्या पिलांत टोचून व्हायरस वेगळा करण्यात आला. रक्तरसपरीक्षेत तो पीतज्वराचा नसून रशियातील गोचीडजन्य मस्तिष्कशोथाच्या व्हायरसाशी निकटचा असल्याचे आढळले. त्यामुळे संशोधकांचे लक्ष डासांवरून गोचिडींकडे वळले. हीमॅफिसॅलिस स्पिनिजेरा या जातीच्या गोचिडींत तोच व्हायरस सापडला. ज्या जंगलातील मृत माकडापासून व्हायरस मिळाला, त्याचे नाव रोगास देण्यात आले. या कामात प्रयोगशाळेतील व्यक्तींनाही संसर्ग झाला.

माणसास हा रोग मुख्यतः गोचिडीच्या अपक्व अवस्थेच्या दंशाने होतो. माणसाकडून माणसास तो होत नाही. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम असून सुमारे ३ ते ५ टक्के रुग्ण दगावतात. यावर विशिष्ट औषध नाही. पूर्वी दिल्या जाणाऱ्या लसीचा वापर २०२२ मध्ये थांबविण्यात आला.

प्रथम सागर-सोराब परिसरापुरता वाटलेला हा रोग पुढे दूरवर आढळला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात त्याच्या साथी झाल्या. तेथे काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्याची झळ पोहोचली.

माणसांतील साथीची पूर्वसूचना माकडांच्या मृत्यूने मिळते, हा या अन्वेषणाचा चिरस्थायी निष्कर्ष होय. म्हणून जंगलात मृत माकड दिसताच आरोग्य यंत्रणेस तत्काळ कळविणे व त्या जागेभोवती कीटकनाशक फवारणे, हे प्रतिबंधाचे पहिले पाऊल ठरते. अशी वार्ता प्रथम जंगलात वावरणाऱ्या गावकऱ्यांनाच कळत असल्याने तिची वेळीच नोंद घेण्यावर त्यांचे जीवित अवलंबून असते.