‘घाट’ या शब्दाची वाटचाल

प्रेमनगरात वाढलेल्या आमच्या मुलांना ‘घाट’ म्हटले की ओरछ्याचा कांचन घाट आठवतो. बेतवेच्या पात्रात उतरणाऱ्या पायऱ्या त्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. भूगोलाच्या पुस्तकात ‘पश्चिमी घाट’ हे पर्वताचे नाव वाचून ती बुचकळ्यात पडतात. त्यांचा हा गोंधळ अकारण नाही. आपले पूर्वज त्या पर्वताला सह्याद्री म्हणत.

संस्कृत ‘घट्ट’ म्हणजे नदीकाठची उतरण्याची जागा. त्यापासून आलेला ‘घाट’ मराठीत वाई-नाशिकच्या नदीकाठी जसा आहे, तसाच तो डोंगर चढण्या-उतरण्याच्या वाटेलाही लागला. बोरघाट, थळघाट, आंबाघाट या साऱ्या वाटाच होत. नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख या वाटांच्या प्राचीनत्वाची साक्ष देतात. ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ हा आपल्या बोलण्यातील भेदही त्याच अर्थाचा.

किनाऱ्यावर उतरलेल्या पाश्चात्त्यांनी मात्र वाटेचे नाव पर्वतालाच दिले. स्वतः कधीही हिंदुस्थानात न आलेले पोर्तुगीज इतिहासकार बारुश यांनी सोळाव्या शतकात लिहून ठेवले की, या पर्वतरांगेला विशेषनाम नसून एतद्देशीय लोक तिला नुसते ‘घाट’ म्हणतात! पुढे इंग्रजीत ‘वेस्टर्न घाट्स’ रूढ झाले. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात यूल व बर्नेल यांनीही परकीयांच्या अशाच गैरसमजातून हे नाव पडले असावे, असे म्हटले आहे. तरीही २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत हा पर्वत त्याच नावाने नोंदला गेला.

आम्हां झाशीकरांना या शब्दाचा मूळ अर्थ विसरून चालणार नाही. नेवाळकर घराणे मूळचे रत्नागिरीकडचे. १८५८ चा झाशीचा वेढा प्रत्यक्ष पाहणारे, ‘माझा प्रवास’चे कर्ते विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईचे. कोकणातून इकडे येणाऱ्या प्रत्येकाला प्रथम घाट चढावा लागे. गोडसे भटजी परतताना मातापित्यांसाठी गंगेची कावड घेऊन गेले. नदीच्या घाटाचे पाणी डोंगराचा घाट उतरून घरी पोहोचले. शब्दाचे दोन्ही अर्थ त्या एका प्रवासात एकत्र आले.

इंग्रजीने ज्याला पर्वताची भिंत मानले, ती आपल्या भाषेत जाण्यायेण्याची वाट आहे. मुलांना सह्याद्री हे नाव सांगताना हेही सांगावे, एवढीच आमची विनंती.