ऊसपट्ट्यातल्या गाड्यांचा पुढचा चिमटा

जुन्या मोटारसायकलची टाकी रंगवता येते, बिल्ला दुसरा लावता येतो, सीट कापून छोटी करता येते. म्हणून जाणता मेकॅनिक गाडी ओळखायला आधी उकिडवा बसतो आणि पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, बघतो. चाकाचा आस नळीच्या नेमका खाली आहे की थोडा पुढे, नळी किती जाड, नळ्यांची टोकं धरणारी वरची टी सुटी आहे की हेडलाइटच्या टोपातच मिसळलेली, एवढं कळलं की गाडी कुठल्या कारखान्यातली आणि साधारण कुठल्या काळातली हे सांगता येतं.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत मोटारसायकलचा इतिहास शोधायला कोणी जात नाही. जायला हवं. नीरा डावा कालवा १८८५ पासून इथे पाणी आणतो, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून यंत्रं. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि त्याभोवती वालचंदनगर वसवलं. पुढे बंगळुरूला विमानाचा कारखाना (१९४०) आणि मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स (१९४४) उभे करणारे हेच वालचंद. वालचंदनगरात पुढे साखर कारखान्यांची यंत्रसामग्रीच बनू लागली. जिथे उसाच्या चरकाचे अवजड रोलर कातले जातात, तिथे टर्नर आणि फिटर हे घरोघरचे शब्द होतात. वाकलेल्या चिमट्याची नळी लेथवर फिरवून तिचा बाक शोधणं हे कसब या मातीत परकं नव्हतं, असं म्हणायला हरकत नाही.

चिमट्यांची पहिली पिढी गर्डरची. दोन पट्ट्या, मधोमध एक स्प्रिंग, बाजूला घर्षण कमीजास्त करायची चक्री. दुसऱ्या महायुद्धात बीएसए एम-२० ही गाडी ब्रिटिश फौजेसाठी सव्वा लाखाच्या आसपास बनली, तिला हाच चिमटा होता. युद्धानंतर फौजेच्या गाड्या लिलावात निघाल्या आणि गर्डर चिमटा सामान्य माणसाच्या दारात पोचला. त्याचे सांधे ग्रीसवर जगतात. ग्रीस चुकलं की पिना झिजतात आणि हँडल लटपटतं.

बीएमडब्ल्यूने युद्धाआधीच, १९३५ मध्ये, आर-१२ या गाडीला तेलाने दाब सांभाळणारा दुर्बिणीसारखा चिमटा दिला होता. एका नळीत दुसरी नळी सरकते, आत स्प्रिंग आणि तेल. युद्धानंतर सगळं जग हळूहळू तिकडे वळलं. आपल्याकडे तो चिमटा रुजवला बुलेटने. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि इंग्लंडच्या रेडिचची गाडी तमिळनाडूत बनू लागली. म्हैसूरची आयडियल जावा १९६१ पासून जावा बनवू लागली, आणि १९७३ पासून तीच गाडी येझदी या नावाने रस्त्यावर आली.

राजदूतची गोष्ट वेगळी, आणि या भागासाठी जास्त जवळची. एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ ही पोलंडच्या एसएचएल एम-११ वर बेतलेली. तिच्या पुढच्या चाकाला सरकती नळी नव्हती. चाकामागे वळसा घालणारा आर्म, मागच्या टोकाला खिळलेला, आणि दोन बाजूंना दोन छोटे शॉकअप. हा घाट इंग्लंडच्या अर्नी अर्ल्स यांचा, बीएमडब्ल्यूनेही तो १९५५ ते १९६९ वापरला. ब्रेक दाबला तरी गाडीचं नाक खाली बसत नाही, हा त्याचा मोठा गुण. दोन्ही अंगाला दुधाचे कॅन लटकवून पाणंदीतून निघालेल्या दूधवाल्याला या गुणाची किंमत कोणी समजावून सांगावी लागत नव्हती. पुढे राजदूतलाही नळीचा चिमटा आला. जुना आर्म काढून नवा चिमटा लावायचा मोह तेव्हापासूनचा.

आणि बारामतीचा स्वतःचा म्हणावा असाही एक चिमटा आहे, फक्त त्याला एकच पाय आहे. विमानांचे अभियंते कोराडिनो डास्कानिओ यांनी १९४६ च्या व्हेस्पा स्कूटरचं पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, म्हणजे पंक्चर झालं तर ते मोटारीच्या चाकाप्रमाणे चटकन काढता यावं. बजाजने १९६० पासून पिआजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली, परवाना संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आणली, आणि तो एकपायी घाट महाराष्ट्राच्या अंगवळणी पडला. पिआजिओने पुढे बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत आपे रिक्षांचा कारखाना काढला आणि २०१२ मध्ये तिथूनच व्हेस्पा पुन्हा भारताच्या रस्त्यावर उतरवली. कस्टम गाडी बांधणाऱ्यांना मात्र या घाटाचा उपयोग नाही, कारण त्याचा एकही भाग मोटारसायकलच्या मानेत बसत नाही.

चिमट्यांच्या अदलाबदलीची खरी परीक्षा बुलेटवर होते. जुन्या बुलेटला १९५४ पासूनच्या घडणीचं कॅस्केट असतं, म्हणजे हेडलाइट, मीटर आणि दोन बारके पायलट लॅम्प एकत्र धरणारा ओतीव टोप. तोच वरच्या टीचंही काम करतो, नळ्यांची वरची टोकं त्यातच बसतात. एखाद्याला सुटा गोल हेडलाइट हवा असला की कॅस्केट जातं, मग वरची टी नवी लागते, मग खालची टीही तिच्या जोडीची लागते. पुढच्या काळातल्या पहिल्या क्लासिकच्या नळ्या ३५ मिलिमीटरच्या, थंडरबर्ड ५०० च्या ४१ च्या. ४१ ची नळी ३५ च्या टीत जात नाही, आणि टी घासून मोठी करणारा माणूस दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो.

टी बदलली की मानेतली बॉल रेस आणि कोन जुळवावे लागतात. बॉटम, म्हणजे नळी ज्यात सरकते तो खालचा पाय, बदलला की आस बदलतो. आस बदलला की हब, हब बदललं की ब्रेक. १९८३ मध्ये आलेल्या राजदूत ३५० ला जपानी मूळ गाडीची पुढची डिस्क न देता ड्रम दिला होता. तिला डिस्क लावायची तर चकती आणून भागत नाही, कॅलिपर धरणारे कान असलेला बॉटम आणि त्याला साजेसं हबही लागतं.

बसवण्याची रीतही ठरलेली आहे. आधी दोन्ही नळ्या सपाट काचेवर लोळवून बघायच्या. हार्ड क्रोम उडालेलं असेल तिथे नखाला खरखर लागते, आणि तीच जागा नवं ऑइल सील चार दिवसांत फाडते. तेल दोन्ही पायांत सारखंच मोजून घालायचं. आसाच्या टोप्या ढिल्या ठेवून हँडल चार-पाच वेळा जोराने दाबायचं, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी समांतर बसतात, आणि त्यानंतरच नट आवळायचे. घाईत ही पायरी गाळली की चिमटा अडकत चालतो आणि दोष बिचाऱ्या स्प्रिंगवर येतो.

लांब चिमट्याचं वेड पसरलं ते १९६९ च्या ‘इझी रायडर’ या अमेरिकी चित्रपटामुळे. त्यातल्या गाड्या घडवल्या क्लिफ वॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांनी, आणि त्यांची नावं कित्येक वर्षं कोणी घेतली नाहीत, हा अन्यायच. पण नळी लांब केली की गाडीचं नाक वर जातं, मान जास्त कलते, आणि चाकाचा जमिनीला टेकणारा बिंदू मानेच्या रेषेच्या आणखी मागे पडतो. सरळ महामार्गावर गाडी ढिम्म स्थिर वाटते. इथल्या भवानीनगरच्या फाट्यावर उसाच्या ट्रॉल्यांमधून हळू वळायचं म्हटलं की तेच हँडल हातावर कोसळतं. आपल्या रस्त्यांना हा चिमटा शोभत नाही, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

कायद्यानेही दार अरुंद केलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं की, नोंदणीपुस्तकातली वैशिष्ट्यं कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेपासून बदलता येणार नाहीत. त्यामुळे बारामतीची एमएच-४२ ही पाटी मिरवणारी जुनी गाडी नीट चालती ठेवायची तर तिचाच चिमटा दुरुस्त करणं हा सरळ मार्ग. राजदूतच्या आर्मचे बुश तयार मिळाले नाहीत तर ते गनमेटलचे कातून घेता येतात. कातण्याआधी जुन्या पिनचं माप व्हर्नियरने तीन ठिकाणी घ्यावं लागतं, कारण पिन एकाच अंगाने झिजलेली असते.