उत्तम साउंड कार्ड कोणते? एका प्रश्नाचा वीस वर्षांचा इतिहास

१/ घरच्या संगणकासाठी उत्तम दर्जाचे साउंड कार्ड कसे निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीचा आहे. इतिहासाशी त्याचा संबंध काय, असे कोणालाही वाटेल. परंतु १९८७ ते २००७ या वीस वर्षांत ग्राहकांनी या प्रश्नाची जी उत्तरे दिली, त्यांनी दोन कंपन्यांचे दिवाळे काढले, तिसरीला हा व्यवसाय सोडायला लावला आणि सिंगापूरच्या एका लहानशा उद्योगाला जगाच्या बाजारपेठेत अग्रस्थानी नेऊन बसवले. आणि गंमत अशी की सर्वांत चांगला आवाज देणारे कार्ड प्रत्येक वेळी जिंकलेच असे नाही. ते का, हे या धाग्यात क्रमाने पाहू.

२/ आरंभ १९८१ पासून करू. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. हे यंत्र कचेरीसाठी होते. हिशेब आणि पत्रव्यवहार हे त्याचे काम. त्यामुळे त्याच्या पोटात एक छोटा स्पीकर होता, तोही चूक झाली की इशारा देण्यापुरता. या स्पीकरला दोनच अवस्था ठाऊक होत्या: चालू आणि बंद. एक टायमर चिप त्याला ठरावीक वेगाने चालू-बंद करी आणि त्यातून एका वेळी एकच कर्कश सूर निघे. आवाज लहानमोठा करण्याची सोय नव्हती. पुढच्याच वर्षी आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकात तीन स्वतंत्र सूर एकदम वाजवणारी खास चिप होती. कचेरीतले महागडे यंत्र जवळजवळ मुके आणि मुलांचे स्वस्त यंत्र गाणारे, असा हा उफराटा प्रकार होता.

३/ मात्र आयबीएमच्या यंत्रात एक दूरदृष्टी होती. आतल्या पाटावर रिकाम्या खाचा ठेवलेल्या होत्या आणि त्यांत बाहेरच्या कोणाही उत्पादकाचे कार्ड बसवता येई. यंत्राची रचना खुली असल्यामुळे परवानगीची गरज नव्हती. साउंड कार्डाचा सगळा इतिहास या रिकाम्या खाचांतून जन्मला.

४/ आता थोडे मागे, १९६७ कडे वळू. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग हे संगीतकार संगणकावर ध्वनीचे प्रयोग करत होते. एका लहरीच्या कंपनसंख्येला दुसऱ्या लहरीने वेगाने हेलकावे दिले, तर केवळ थरथर ऐकू न येता अगदी नवा, भरीव नाद निर्माण होतो, हे त्यांच्या ध्यानात आले. घंटा, पितळी वाद्ये, तंतुवाद्ये यांचे भास अवघ्या दोन लहरींतून होऊ लागले. जपानच्या यामाहा कंपनीने या तंत्राचे हक्क घेतले. १९८३ मध्ये त्यावर आधारलेला डीएक्स७ हा सिंथेसायझर आला आणि त्या दशकातल्या पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा नादच बदलला. हेच तंत्र यामाहाने पुढे स्वस्त चिपमध्येही उतरवले.

५/ कॅनडातील क्वेबेक शहरात लावाल विद्यापीठाचे माजी संगीत प्राध्यापक मार्टिन प्रेव्हेल यांनी ॲडलिब नावाची कंपनी काढली होती. १९८७ मध्ये तिने यामाहाची वायएम३८१२ ही चिप एका कार्डावर बसवून विकायला आणली. एका वेळी नऊ सूर वाजवणारे हे कार्ड आयबीएमच्या मुक्या यंत्रासाठी वरदानच होते. १९८८ मध्ये सिएरा कंपनीच्या ‘किंग्ज क्वेस्ट ४’ या खेळात साउंड कार्डासाठी खास संगीत रचले गेले आणि संगणकावर खेळणाऱ्यांना प्रथमच कळले, की आपल्याला आजवर काय ऐकू येत नव्हते. ‘ॲडलिब’ हे नाव मानदंड ठरले.

६/ परंतु ॲडलिबच्या यशातच तिच्या नाशाचे बीज होते. कार्डाचा प्राण असलेली चिप यामाहाची होती आणि यामाहा ती कोणालाही विकू शकत होती. म्हणजे ॲडलिबपाशी स्वतःची अशी मौल्यवान वस्तू एकच होती, ती म्हणजे तिचे नाव. ही फट ज्यांनी अचूक हेरली, ते होते सिंगापूरचे सिम वाँग हू. १९८१ मध्ये त्यांनी क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी सुरू केली होती. त्यांचे पहिले संगीत कार्ड वेगळ्या चिपवर चालत होते आणि ते ॲडलिबपुढे टिकले नाही. या अपयशातून घेतलेला धडा त्यांच्या पुढच्या कार्डात स्पष्ट दिसतो.

७/ १९८९ मध्ये क्रिएटिव्हचे साउंड ब्लास्टर आले. त्यावर तीच यामाहाची चिप होती. म्हणजे ॲडलिबसाठी लिहिलेला प्रत्येक खेळ त्यावर जसाच्या तसा वाजे. त्याशिवाय दोन जादा गोष्टी होत्या. एक, ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याची आणि मुद्रित करण्याची सोय: माणसाचे बोलणे, बंदुकीचा बार, दार आपटल्याचा आवाज. दुसरी, जॉयस्टिक जोडण्याचे तोंड. जॉयस्टिकसाठी एरवी निराळे कार्ड घ्यावे लागे आणि खाचा तर मोजक्याच असत. एका खाचेत तीन कामे होत असतील, तर ग्राहक दुसरे कार्ड कशाला घेईल? ॲडलिबचे सारे काही, आणि वर भर, असा हा साधा हिशेब होता.

८/ येथून ‘साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. तो इतका निर्णायक का ठरला, हे समजायला डॉसचा काळ समजून घ्यावा लागतो. त्या काळी कार्ड आणि खेळ यांच्यामध्ये दुभाषी नव्हता. प्रत्येक खेळ कार्डाशी थेट बोले. त्यासाठी कार्डाचा पत्ता २२०, इंटरप्ट ५ किंवा ७, डीएमए १ हे आकडे त्याला ठाऊक असावे लागत. कार्डावरच्या बारीक टोप्या काढून-घालून ते आकडे जुळवावे लागत आणि चुकले तर खेळ मुका राही किंवा यंत्र गोठून जाई. अशा परिस्थितीत खेळ लिहिणारा सर्वांत जास्त खपलेल्या कार्डासाठी आधी लिहिणार, आणि घेणारा ज्यासाठी सर्वांत जास्त खेळ आहेत तेच कार्ड घेणार. हे चक्र एकदा फिरू लागले, की बाहेरच्याला आत शिरणे फार कठीण.

९/ पहिला बळी ॲडलिबचाच गेला. तिने ॲडलिब गोल्ड हे नवे कार्ड योजले. त्याचा ध्वनी साउंड ब्लास्टरपेक्षा निःसंशय सरस होता, पण त्याला बाजारात यायला उशीर झाला आणि साउंड ब्लास्टरची मुद्रित ध्वनीची भाषा त्याला येत नव्हती. १९९२ मध्ये ॲडलिब दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी क्रिएटिव्हचे समभाग अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात दाखल झाले.

१०/ दुसरी कथा ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंडची. हेही कार्ड कॅनडातले आणि १९९२ चेच. यात कृत्रिम लहरींऐवजी खऱ्या वाद्यांचे मुद्रित नमुने कार्डावरच्या स्मृतीत भरले जात आणि बत्तीसपर्यंत आवाज एकदम वाजवता येत. संगणकावर दृश्य आणि संगीताच्या करामती रचणाऱ्या युरोपातील तरुणांनी, म्हणजे ‘डेमोसीन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडळींनी, या कार्डाला डोक्यावर घेतले. पण सामान्य ग्राहकाचे जुने खेळ त्यावर चालवायचे तर साउंड ब्लास्टरची नक्कल करणारी प्रणाली आधी सुरू करावी लागे आणि ती नक्कल अनेकदा फसे. जाणकारांचे लाडके कार्ड बाजाराचे मात्र झाले नाही. काही वर्षांत ग्रॅव्हिसने साउंड कार्डांतून अंग काढून घेतले.

११/ आता आकड्यांकडे वळू, कारण खोक्यावरचे आकडे वाचता आले तरच पुढचा इतिहास कळतो. ध्वनी अंकांत साठवताना सेकंदाला किती वेळा मोजमाप घेतले, यावर सर्वांत उंच सूर ठरतो. तो त्या संख्येच्या निम्मा असतो. प्रत्येक मोजमापाला किती बिट दिले, यावर अगदी मंद आणि अगदी मोठ्या आवाजांतले अंतर ठरते. दर बिटाला सुमारे ६ डेसिबल. पहिले साउंड ब्लास्टर ८ बिटांचे, म्हणजे फार तर ४८ डेसिबलचे. शांत जागी त्याची खरखर ऐकू येई. १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ ने १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० मोजमापे हे सीडीचे प्रमाण गाठले. त्यातून ९६ डेसिबलचा पल्ला आणि सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा सूर मिळतो. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकतो. म्हणजे कागदावरची शर्यत १९९२ मध्येच जवळपास संपली होती.

१२/ मग पुढची लढाई कशावर झाली? दिशेवर. ऑरियल या अमेरिकी कंपनीने एथ्रीडी हे तंत्र आणले. पाठीमागून येणारी पावले, भिंतीवर आदळून परतणारा आवाज यांचे गणित करून ते साध्या हेडफोनमध्ये दिशेचा भास निर्माण करी. १९९८ चे व्हॉर्टेक्स २ हे तिचे गाजलेले कार्ड. त्याच वर्षी क्रिएटिव्हने ऑरियलवर पेटंटभंगाचा दावा लावला. १९९९ च्या अखेरीस निकाल ऑरियलच्या बाजूने लागला, पण खटल्याच्या खर्चाने कंपनी पोखरली गेली होती. २००० मध्ये ती दिवाळखोरीत निघाली आणि तिची मालमत्ता विकत घेतली ती क्रिएटिव्हनेच. लढाई जिंकून राज्य गमावल्याची उदाहरणे आपण इतिहासात पुष्कळ वाचतो; त्यांत हे एक जोडावे.

१३/ विजेत्याचा पराभव मात्र भलत्याच दिशेने आला. १९९७ मध्ये इंटेलने एसी’९७ नावाचे प्रमाण मांडले. त्यामुळे ध्वनीची सोय मदरबोर्डवरच अगदी स्वल्प खर्चात होऊ लागली. २००४ मध्ये त्याची जागा हाय डेफिनिशन ऑडिओ या सुधारित प्रमाणाने घेतली. मग २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा आली आणि तिने खेळांचा ध्वनी कार्डाच्या यंत्रणेकडे थेट सोपवण्याची जुनी वाट बंद केली. प्रोसेसर आता इतके समर्थ झाले होते, की ते काम सहज उरकत. ज्या थेट संबंधाच्या जोरावर साउंड ब्लास्टर उभे राहिले, तो संबंधच तुटला. आपल्याला न विचारता प्रत्येक यंत्रात येणारे ‘पुरेसे चांगले’ साधन बाजारातल्या बहुसंख्य ग्राहकांना पुरले.

१४/ तरीही एक उणीव राहिली आणि ती आकड्यांत दिसत नाही. संगणकाच्या पेटीत विजेचा पुरवठा, ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांचा विद्युत गोंगाट सतत चालू असतो. अंकांना त्याची बाधा होत नाही. पण अंकांचे रूपांतर स्पीकरकडे जाणाऱ्या नाजूक विद्युत लहरीत झाले, की हा गोंगाट तिच्यात मिसळू शकतो. माउस हलवला की हेडफोनमध्ये बारीक किणकिण येते, ती याचीच. उपाय सरळ आहे: हे रूपांतर पेटीच्या बाहेर करावे. १९८० च्या दशकातच कोव्हॉक्स कंपनीने प्रिंटरच्या तोंडाला लावायचे असे एक साधे बाह्य उपकरण विकले होते. आजचा यूएसबी डॅक हा त्याच कल्पनेचा सुसंस्कृत वारस आहे.

१५/ या इतिहासावरून निवडीचे काही निकष हाती लागतात. केवळ गाणी आणि चित्रपट ऐकायचे असतील, तर आधी मदरबोर्डचाच आवाज चांगल्या हेडफोनवर ऐकावा. खरखर नसेल तर कार्डाची गरज नाही आणि पैसे हेडफोनवर खर्चावेत. खरखर असेल, तर बाहेरचा डॅक घ्यावा. तानपुऱ्याबरोबर केलेला रियाज घरी मुद्रित करायचा असेल, तर मायक्रोफोनसाठी योग्य प्रवर्धक असलेला ऑडिओ इंटरफेस घ्यावा. तेथे २४ बिटांचा खरा उपयोग आहे, कारण मुद्रणाची पातळी खाली ठेवूनही मंद स्वर खरखरीत बुडत नाहीत. १९९० च्या दशकातले खेळ त्यांच्या मूळ नादात ऐकण्याची हौस असेल, तर मात्र जुने यंत्र आणि जुने साउंड ब्लास्टरच शोधावे. आणि काहीही घेताना उत्पादक त्याचे ड्रायव्हर किती वर्षे पुरवील, हे जरूर पाहावे.

१६/ सिम वाँग हू यांचे जानेवारी २०२३ मध्ये निधन झाले. त्यांचे सर्वांत यशस्वी कार्ड त्या काळातले सर्वांत सुरेल कार्ड नव्हते. ते ग्राहकापाशी आधीच असलेल्या प्रत्येक खेळाशी जुळणारे कार्ड होते. दर्जा म्हणजे काय, याचे उत्तर यंत्राच्या तक्त्यात जितके असते तितकेच ते आपण त्या यंत्रापाशी कोणत्या कामासाठी बसतो, यात असते. ॲडलिब, ग्रॅव्हिस आणि ऑरियल यांच्या कथा वाचताना एवढे ध्यानात ठेवले, तर दुकानातले खोके हाती घेतल्यावर त्यावरचा कोणता आकडा आपल्या उपयोगाचा आहे आणि कोणता नाही, हे सहज ओळखता येईल.