मेन स्ट्रीट : अमेरिकी छोट्या शहरांतील दुकानइमारती

अमेरिकेतील छोट्या शहरांच्या मुख्य रस्त्यावर, दोन्ही अंगांना एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या दोन-तीन मजली विटांच्या दुकानइमारतींची रांग. बहुतेक इमारती साधारण १८६० ते १९३० या काळातल्या आहेत. पाटीवर रस्त्याचे नाव काहीही असो, बोलण्यात तो ‘मेन स्ट्रीट’ आणि भोवतालचा भाग ‘डाउनटाउन’. आपल्या पेठांमधली खाली दुकान, वर बिऱ्हाड ही मांडणी इथेही दिसते. मात्र इथल्या वरच्या मजल्यावर बिऱ्हाडांबरोबर वकील, दंतवैद्य, छायाचित्रकार, गुप्तमंडळांच्या सभा आणि कधी नाटकाचे थिएटरही असे. या वास्तूचे वर्णन करताना सगळे लक्ष खालच्या काचेकडे जाते. इमारत टिकते की ढासळते, हे मात्र बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर ठरत आले आहे.

रचना : रस्त्यालगतची जागा महाग, म्हणून भूखंड अरुंद आणि खोल पाडले जात. रुंदी साधारण २० ते २५ फूट, खोली तिच्या चार-पाच पट. या रुंदीमागे लाकडाचाही हिशेब होता. दोन बाजूंच्या विटांच्या भिंतींवर लाकडी तुळया आडव्या टाकायच्या आणि मध्ये खांब घ्यायचा नाही, तर लांबी एवढीच परवडे. भिंत दोन शेजाऱ्यांत सामाईक. पहिल्या पिढीतली लाकडी दुकाने एकेका आगीत ओळीने जळाली. त्यानंतर अनेक गावांनी मध्यवस्तीत विटांचेच बांधकाम सक्तीचे केले. भिंतीत शिरणारे तुळईचे टोक तिरके कापण्याची पद्धतही आगीच्या भीतीतून आली. जळून मधोमध मोडलेली तुळई तिरक्या टोकामुळे भिंतीतून अलगद निसटते. टोक सरळ असेल, तर ती पडता पडता भिंत उचकटते आणि शेजारचे दुकानही जाते. ही काळजी भिंतीच्या आत असते, रस्त्यावरून दिसत नाही. पण मला ती या इमारतींमधली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

दर्शनी बाजू : खाली जवळजवळ सगळी काच. दार आत सरकवलेले, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या काचा तिरक्या वळतात आणि पावसात गिऱ्हाईक आडोशाला उभे राहून आतला माल पाहू शकते. काचेखाली गुडघाभर उंचीची लाकडी किंवा लोखंडी फळी, काचेवर आडव्या झरोक्यांची पट्टी. वरच्या मजल्याला उंच, अरुंद खिडक्या, त्यांच्या माथ्यावर कमान किंवा नक्षीदार टोपी. सर्वांत वर पुढे झुकलेली कॉर्निस, तिच्या मधोमध मालकाचे नाव आणि बांधल्याचे साल. दुकानाच्या कडेला आणखी एक अरुंद दार असते. आत थेट जिना. वरच्या मजल्याची वाट तीच.

दुकान खोल, खिडक्या फक्त पुढे-मागे. मधला भाग अंधारा राही. १८९० च्या दशकाअखेरीस शिकागोच्या लक्सफर कंपनीने झरोक्यासाठी आतल्या बाजूने दातेरी असलेल्या काचेच्या छोट्या चौकटी विकायला आणल्या. त्या बाहेरचा उजेड वळवून दुकानाच्या पोटात फेकत. त्यांची काही नक्षी तरुण फ्रँक लॉइड राइटने केली होती. विजेचे दिवे स्वस्त झाल्यावर या काचांची गरज संपली आणि पुष्कळ ठिकाणी त्या रंगाखाली किंवा प्लायवूडमागे गेल्या.

मेस्करचा पत्रा : ओतीव लोखंडाचे दर्शनी भाग १८४०-५० च्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये जेम्स बोगार्डस आणि डॅनियल बॅजर यांनी रुळवले. छोट्या गावांत ती शोभा पोचवली मेस्कर घराण्याने. बेन आणि फ्रँक हे भाऊ सेंट लुईसला, तिसरा भाऊ जॉर्ज इंडियानातील इव्हान्सव्हिलला. १८८० च्या दशकापासून दोन्ही कारखान्यांची सूचिपत्रे टपालाने गावोगाव जात. दुकानदाराने मापे कळवायची. ठशात दाबून काढलेला जस्ताच्या मुलाम्याचा पत्रा, ओतीव खांब आणि कॉर्निस सुट्या भागांत रेल्वेने येई आणि गावातला सुतार-गवंडी ते जोडून देई. त्यामुळे एकमेकांपासून शेकडो मैल दूर असलेल्या गावांत अगदी जुळी दर्शने सापडतात. पत्रा असला तरी रंगाने आणि सावलीने तो दगडाचे सोंग चांगले वठवतो. ओळखायची खूण नक्षीत आहे : सेंट लुईसच्या मालावर लिलीच्या फुलाचे चिन्ह, तर इव्हान्सव्हिलच्या मालावर गारवेलीची फुले. खांबाच्या पायथ्याशी, बुटांनी आणि बर्फ उपसण्याच्या फावड्यांनी झिजलेल्या जागी, कारखान्याच्या नावाची उठावाची अक्षरे बोटांनी चाचपून वाचता येतात. ही गावे एकमेकांची नक्कल करत होती म्हणून काही वास्तुअभ्यासकांनी त्यांना कमी लेखले. मला ते पटत नाही. सूचिपत्रातून मागवलेले दर्शन परवडले, म्हणून शेतमालाच्या गावातल्या लोखंडवाल्यालाही आपले नाव आकाशाच्या कडेला कोरता आले.

वरचा मजला : ऑड फेलोज किंवा फ्रीमेसन यांसारखी गुप्तमंडळे पुष्कळदा स्वतःच इमारत बांधत. खालचे दुकान भाड्याने देत, वर सभागृह ठेवत. ऑड फेलोजची तीन कड्यांची साखळी आजही कॉर्निसखाली दिसते. ‘ऑपेरा हाउस’ म्हणून मिरवणारे थिएटर बहुधा धान्याच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानावरचेच एक दालन असे, आणि ऑपेरा तिथे क्वचितच होई. जेम्स कॅश पेनीने १९०२ साली वायोमिंगमधील केमरर या खाणकामगारांच्या गावात पहिले दुकान काढले, तेव्हा तो बायकामुलासह दुकानाच्या पोटमाळ्यावर राहत होता. पुढे त्याच्या नावाची दुकाने देशभर पसरली.

वॉशिंग्टन राज्यातील पोर्ट टाउनसेंड या बंदराची गोष्ट वेगळी आहे. देशाच्या रेल्वेजाळ्याशी गाव जोडले जाणार, या भरवशावर १८८९-९० मध्ये तिथे भराभर तीन-चार मजली इमारती उठल्या. ती जोडणी झाली नाही आणि काही इमारतींचे वरचे मजले आतून कधी पुरेच झाले नाहीत. पाडायला आणि नवे बांधायला पैसा नव्हता म्हणून ती पेठ जशीच्या तशी उरली. १९७७ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

बँका : या रांगेत न मावणारी इमारत म्हणजे कोपऱ्यावरची बँक. शिकागोत गगनचुंबी इमारतींचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या लुई सलिव्हनला उतारवयात मोठी कामे मिळेनाशी झाली. तेव्हा मध्यपश्चिमेतल्या छोट्या गावांच्या बँकांनी त्याला काम दिले. मिनेसोटातील ओवाटोनाची नॅशनल फार्मर्स बँक (१९०८) ही त्यांतली पहिली आणि माझ्या मते सर्वांत सुंदर. खाली तांबड्या वालुकाश्माचे जोते, वर विटा, रस्त्याकडील दोन्ही बाजूंना एकेक प्रचंड अर्धवर्तुळाकार कमान आणि तिच्यात रंगीत काच. हिरवी-निळी टेराकोटाची नक्षी त्याचा सहकारी जॉर्ज एल्म्स्ली याने आखली. आत भिंतीवर चरणाऱ्या गाईंचे मोठे चित्र आहे. परिसर दुग्धव्यवसायाचा, खातेदार शेतकरी. पैसे भरायला आलेल्या माणसाला समोर आपलेच गोधन दिसे. ग्रिनेल (आयोवा), सिडनी (ओहायो) आणि कोलंबस (विस्कॉन्सिन) इथल्या बँका पुढच्या बारा वर्षांतल्या.

ऱ्हास : १९३४ च्या राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्याने दुरुस्तीसाठी सरकारी हमीची कर्जे मिळू लागली. पुढच्याच वर्षी लिबी-ओवेन्स-फोर्ड या काचकंपनीने ‘मेन स्ट्रीट आधुनिक करा’ अशी वास्तुरचनाकारांची स्पर्धा भरवली. खालच्या मजल्यावर गुळगुळीत रंगीत काचेची आवरणे चढली. त्यांतली काही आज स्वतःच जतन करण्याजोगी आहेत. १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी, ओवाटोनाच्याच राज्यात, व्हिक्टर ग्रूएनने आखलेला साउथडेल हा पूर्ण बंदिस्त मॉल उघडला. त्याला टक्कर द्यायची म्हणून गावांतल्या दुकानदारांनी पूर्ण दर्शनी भिंतीवर ॲल्युमिनियमचे पडदे ठोकले. वरच्या मजल्याचे नुकसान खालचे दुकान रुंद करताना झाले. दुकान वाढवायला कडेचा जिना काढला की वर भाडेकरू ठेवण्याचा रस्ताच संपे. मग वर कोणी जात नाही, छताच्या पन्हळीत पाने तुंबल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही, पाणी तुळईच्या टोकात मुरते आणि आगीसाठी कापलेले तेच टोक कुजते.

याच सुमारास, १९५५ मध्ये, डिस्नेलँडमध्ये वॉल्ट डिस्नेने आपल्या बालपणीच्या मिझुरीतील मार्सलिन गावाची आठवण धरून मेन स्ट्रीट उभारला. त्याचे वरचे मजले मुद्दाम लहान मापाने बांधलेले आहेत, इमारत उंच भासावी म्हणून.

जतन : १९६६ च्या ऐतिहासिक वारसा संरक्षण कायद्याने ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. १९७६ पासून उत्पन्न देणाऱ्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर करसवलत मिळू लागली. १९८६ पासून नोंदणीकृत ऐतिहासिक इमारतींसाठी ती खर्चाच्या २० टक्के आहे. १९७७ मध्ये वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने मेरी मीन्स यांच्या नेतृत्वाखाली तीन गावांत प्रयोग केला : इलिनॉयमधील गेल्सबर्ग, साउथ डकोटातील गुलाबी वालुकाश्माचे हॉट स्प्रिंग्ज आणि इंडियानातील मॅडिसन. प्रत्येक गावात एक पूर्णवेळ व्यवस्थापक नेमला. दुकानदारांची संघटना, जाहिरात, इमारतीचे रूप आणि व्यवसायांची फेरमांडणी ही चारही कामे त्याने एकत्र पाहायची. नुसते रंगकाम करून पेठ जगत नाही, हे या पद्धतीने मान्य केले. १९८० मध्ये त्यासाठी राष्ट्रीय केंद्र निघाले.

ओहायो नदीकाठचे मॅडिसन १८०९ चे. १८४७ मध्ये तिथून इंडियानापोलिसपर्यंत रेल्वे पोचली आणि काही वर्षे डुकराच्या मांसाच्या व्यापारात गाव श्रीमंत झाले. पुढचे लोहमार्ग त्याला वगळून गेले. वाढ थांबली, म्हणून जुने पाडायची वेळ फारशी आली नाही. २००६ मध्ये त्याचा मोठा भाग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरला.

ॲल्युमिनियमचा पडदा उतरवण्याचे काम अशा गावांत अजून चालू आहे. पडदा सपाट बसावा म्हणून खिडक्यांच्या टोप्या कित्येकदा छिन्नीने छाटलेल्या असतात आणि विटांत बोल्टची भोके ओळीने राहिलेली असतात. पण उन्हापावसापासून झाकल्या गेल्यामुळे कुठे कुठे जुन्या दुकानाची रंगवलेली अक्षरेही शाबूत सापडतात. छाटलेली टोपी नव्याने घडवताना शेजारची जुळी इमारत शोधतात, आणि ती नसेल तर मेस्करचे जुने सूचिपत्र उघडतात.